बिनतारी ब्रॉडबँडमधील बहु-अँटेना तंत्रे : तुलनेच्या निकषांची चिकित्सा

बिनतारी ब्रॉडबँड जाळ्यांविषयीच्या लेखनात बहु-अँटेना तंत्रांची तुलना बहुधा कमाल वेगाच्या एका आकड्यावर उरकली जाते. २००९ साली संमत झालेल्या ८०२.११एन या मानकाचा ६०० मेगाबिट प्रतिसेकंद हा वेग त्याचे ठळक उदाहरण होय. हा आकडा खोटा नाही. मात्र चार स्वतंत्र प्रवाह, ४० मेगाहर्ट्‌झचा पट्टा आणि उत्तम संकेत-गोंगाट गुणोत्तर एकत्र लाभल्याखेरीज तो संभवत नाही. या अटी वगळून आकडा उद्धृत करण्यास तुलना म्हणणे कठीण आहे.

ज्या तंत्रांना एका रांगेत बसविले जाते, त्यांची उद्दिष्टेच भिन्न आहेत. फॉशिनी यांनी १९९६ मध्ये मांडलेली 'ब्लास्ट' रचना प्रत्येक अँटेनामधून निराळा प्रवाह पाठवून वेग वाढविते. अलामौटी यांच्या १९९८ च्या योजनेत दोन प्रतीके दोन अँटेनांमधून लागोपाठच्या दोन कालखंडांत पाठविली जातात. त्यामुळे वेग वाढत नाही, परंतु एक मार्ग क्षीण झाला तरी दुसरा संदेश तारून नेतो. शलाकानिर्मितीत सर्व अँटेनांची ऊर्जा एका दिशेस एकवटते. चार अँटेनांपासून यात ६ डेसिबेलपर्यंत लाभ होतो. अट इतकीच, की प्रक्षेपकास वाहिनीची स्थिती ज्ञात हवी.

झेंग व त्से यांनी २००३ मध्ये दाखवून दिले की विश्वासार्हता आणि वेग यांचे कमाल लाभ एकाच वेळी पदरात पडत नाहीत. दोन्ही बाजूंस दोन-दोन अँटेना असता विविधतेचा कमाल लाभ ४ आणि वेगाचा २ असतो. एक वाढविताना दुसरा घटतो. तेव्हा 'सर्वोत्तम तंत्र कोणते' हा प्रश्न वापरकर्त्याचे स्थान सांगितल्याशिवाय विचारताच येत नाही.

ही बाब सेलच्या कडेला सर्वाधिक जाणवते. मनोऱ्याजवळ संकेत प्रबळ असतो. तेथे शक्ती दुप्पट केली तरी प्रतिहर्ट्‌झ जेमतेम एक बिट वाढतो, म्हणून ती अनेक प्रवाहांत विभागणे फायद्याचे ठरते. कडेला क्षमता शक्तीच्या जवळपास सम प्रमाणात वाढते. तेथे शक्ती विभागून काहीच साधत नाही, ती सर्वांत प्रबळ मार्गावर एकवटणेच हिताचे. म्हणजे ज्या ग्राहकास ब्रॉडबँडची उणीव सर्वाधिक भासते, त्याच्याच बाबतीत जाहिरातीतील गुणक निरर्थक होतो. कमाल वेगांचे तक्ते छापणाऱ्या लेखांत या ग्राहकासाठी रकानाच नसतो.

मार्झेटा यांच्या २०१० च्या विवेचनाने तुलनेचे एककच बदलले. तळस्थानकावर अनेक अँटेना उभारून एक अँटेना असलेल्या कित्येक ग्राहकांना एकाच वेळी सेवा देता येते. हिशेब एका दुव्याचा न राहता संपूर्ण सेलचा होतो. तथापि वाहिनी मोजण्यासाठीचे चाचणी-संकेत शेजारच्या सेलमध्येही पुन्हा वापरावे लागतात आणि त्यांच्या सरमिसळीने येणारी मर्यादा त्यांच्या विश्लेषणात अँटेना कितीही वाढविल्या तरी हटत नाही. शिवाय ही पद्धत कालविभाजित प्रणालीत सुलभ आहे, कारण जाण्या-येण्याची वाहिनी एकच असते. वारंवारता-विभाजित प्रणालीत ग्राहकास वाहिनीची माहिती परत पाठवावी लागते आणि अँटेनांबरोबर तो भारही वाढत जातो.