सुडाचे भूत आणि भुताचे येणे

कल्पनारम्य भूमिका-खेळांतील सूडपिपासू वनात्म्यांना ‘लोककथेचे पुनरागमन’ म्हणण्याची प्रवृत्ती तपासून पाहिली पाहिजे. अन्यायाने मेलेला, झाडापाशी अडकलेला आणि रान तोडणाऱ्याच्या मागे लागलेला आत्मा दोन्हीकडे आढळतो. पण तेवढ्यावरून दोहोंचे गोत्र एक ठरत नाही. प्रश्न सुडाच्या अर्थाचा आहे, आणि तो अर्थ संहितेच्या रूपावर अवलंबून असतो.

1974 मध्ये अमेरिकेत निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात खेळाडू एकेक पात्र पत्करतात, सूत्रधार प्रसंग सांगतो आणि फाशांच्या कौलाने कथा पुढे सरकते. गॅरी गायगॅक्स यांच्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ने (1977) या खेळाला विक्राळ जीवांचा कोश दिला. त्यातील नोंदींचे रकाने ठरलेले आहेत : आढळ, संख्या, चिलखताची प्रत, आघात सोसण्याची शक्ती, जवळचा ऐवज. आपला ‘राक्षस’ही तेथे आहे, आणि अभिमंत्रित बाणाने तो मरतो. वंश, वर आणि वैर यांची महाकाव्यातली सारी गुंतागुंत एका बाणात आटोपावी, हे विनोदी असले तरी कोशाच्या तर्काला धरूनच आहे. ज्याची शक्ती मोजली आहे तो मारण्यासाठीच असतो. सुडाला मात्र रकाना नाही. तो वर्णनात, स्वभावविशेष म्हणून येतो. ‘फीन्ड फोलिओ’तील (1981) ‘रेव्हेनंट’ हा अपवाद म्हणून पुढे करता येईल, कारण तो आपल्या मारेकऱ्याचाच माग काढतो. परंतु तेथेही वैर दोन व्यक्तींपुरते राहते. मारेकऱ्याच्या नातवाला त्याची झळ पोहोचत नाही.

कोशरचनेचा दोष एकट्या परदेशी खेळाच्या माथी मारणे न्याय्य नाही. ए. एम. टी. जॅक्सन यांनी शाळामास्तरांकरवी जमविलेली आणि त्यांच्या 1909 मधील हत्येनंतर आर. ई. एन्थोवेन यांनी 1915 मध्ये प्रसिद्ध केलेली कोकणविषयक टिपणे हीसुद्धा भुतांची यादीच होय. फरक असा की, या यादीतील नावांत मृत्यूचा प्रकार शिल्लक आहे. हडळ बाळंतपणात गेलेली, मुंजा सोडमुंजीआधी गेलेला, गिऱ्हा बुडालेला. नाव ही अपुऱ्या राहिलेल्या विधीची नोंद असते. ‘घरचे’ आणि ‘बाहेरचे’ भूत या भेदाचा आधारही शक्ती नसून नाते आहे. घरच्या भुताची इच्छा पुरवावी लागते. त्याला मारण्याची भाषा कोणी करीत नाही.

कोळगाव ज्या पालघर जिल्ह्यात आहे, तेथील वारल्यांचा वाघोबा हा मृतात्मा नव्हे. पण रानाच्या कोपाची मीमांसा त्याच्याकडेच सापडते. रम्या नायर व सहकाऱ्यांच्या 2021 च्या अभ्यासात वाघोबाची सुमारे 150 ठाणी नोंदलेली आहेत. वाघबारशीला त्याचा मान दिला तर तो राखण करतो, चुकविला तर कोप होतो. हा कोप म्हणजे थकलेल्या येण्याची मागणी. भगत तांदळाचे दाणे पाहतो तेव्हा शोध शत्रूचा नसतो. कोणाचे काय राहिले, याचा असतो.

गंमत अशी की, भूमिका-खेळाचे मौखिक रूप कादंबरीपेक्षा या विचारणेला अधिक जवळचे आहे. जमलेली मंडळी, एक विचारणारा, पडलेल्या दाण्यांचा वा फाशांचा कौल, आणि आधी कोणालाच ठाऊक नसलेला शेवट. खेळाने हे रूप आपलेसे केले आणि त्यात कोशातला शत्रू आणून बसविला, हे त्याचे खरे अपयश होय. ऑगस्ट 2014 मध्ये जिल्हा झाला, 2021 पासून त्याचे मुख्यालय कोळगावात आहे. जमिनीचा वापर असा पालटलेल्या ठिकाणी कल्पिलेला वनात्मा चौथ्या फेरीत मरून पडला, तर खेळाडूंना ऐवज मिळेल आणि जमिनीविषयी एकही प्रश्न विचारला जाणार नाही. उलट, आघातशक्तीच्या रकान्यात सूत्रधाराने ‘कोणाचे, काय, किती पिढ्यांचे’ एवढेच लिहिले, तर फासे कशासाठी टाकायचे हे मंडळींना आधी ठरवावे लागेल.