पॅसिव्हमधला कर्ता कुठे जातो?

इंग्रजी पॅसिव्हबद्दल आपल्या मनात दोन समज घट्ट बसलेले आहेत. (‘कर्मणी’ म्हणायचं आम्ही टाळतोय, ‘रामाने आंबा खाल्ला’ हाही आपल्याकडे कर्मणी प्रयोगच, पण तिथे राम पुढेच उभा आहे.) पहिला समज शाळेतला: ‘चेंज द व्हॉइस’ म्हटलं की जागा बदलायच्या, ‘बाय’ लावायचा, अर्थ तोच. दुसरा जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६च्या निबंधात पक्का केला: ॲक्टिव्ह चालत असेल तिथे पॅसिव्ह वापरू नये. त्याच निबंधात त्यांनी पॅसिव्ह सढळ हाताने वापरलंय, ते असो.

पहिला समज फार टिकत नाही. चॉम्स्की यांनी १९५७ साली ॲक्टिव्हपासून पॅसिव्ह घडवण्याचा नियम मांडला खरा, पण ‘खोलीतल्या प्रत्येकाला निदान दोन भाषा येतात’ हे इंग्रजी वाक्य फिरवलं की त्याच दोन भाषा सगळ्यांना येतात असा अर्थ निघू शकतो, हेही त्यांनीच नोंदवलं. लँगेकर यांनी १९८२च्या लेखात ‘बी’, कृदंत आणि ‘बाय’ या प्रत्येकाला स्वतःचा अर्थ आहे असं दाखवलं. पॅसिव्ह म्हणजे घटनेकडे दुसऱ्या बाजूने पाहणं.

दुसरा समज चिवट आहे. जानेवारी १९८७मध्ये, इराणला शस्त्रं विकल्याच्या प्रकरणावर रेगन म्हणाले, ‘सीरियस मिस्टेक्स वेअर मेड.’ पॅसिव्हच्या लबाडीचा हा ठरलेला नमुना. आता दोन वाक्यं बघू या. ‘द लाइट वॉज टर्न्ड ऑफ’ आणि ‘द लाइट वेंट ऑफ’. दोन्हींत कोणाचं नाव नाही. पहिल्याला ‘टू सेव्ह मनी’ जोडा, चालतं. दुसऱ्याला जोडलं की वाक्य विचित्र होतं, कारण पैसे वाचवायचा हेतू दिव्याला कुठला? म्हणजे पहिल्या वाक्यात हेतू असलेला कोणीतरी आहे. मागे सरकलाय, अनाम आहे, पण आहे. दुसऱ्यात तो चित्रातच नाही, आणि ते वाक्य ॲक्टिव्ह आहे बरं का! रेगन यांना ‘बाय हूम?’ असं विचारता येतं, त्यांच्या वाक्यातच ती जागा आहे. ते ‘मिस्टेक्स हॅपन्ड’ म्हणाले असते तर ती जागाही गेली असती, आणि ऑर्वेल यांचा नियम मात्र पाळला गेला असता.

लँगेकर यांच्याशी आमचा मतभेद पुढे आहे. त्यांची उपमा रंगमंचाची. वक्ता-श्रोता त्यांच्या मांडणीत येतात, पण एकाच दिशेला पाहणारे सोबती म्हणून. ‘द पेशंट वॉज गिव्हन द राँग ड्रग’ हे एक नर्स दुसरीला सांगते, आणि हेच रुग्णालय पेशंटच्या मुलाला कळवतं. प्रकाशझोत दोन्हीकडे पेशंटवरच. पण ‘कोणी दिलं?’ हे विचारायला नर्सला कोणी अडवत नाही. मुलाला मात्र अर्ज करावा लागतो. हा फरक त्या रंगमंचावर दिसत नाही. त्यासाठी ऑस्टिन यांच्या सबबींवरच्या निबंधाकडे जावं लागेल. ते पुढच्या व्याख्यानात.