झाकण उघडं होतं तेव्हाचे विनोद

टीव्हीच्या खोक्यात कमरेपर्यंत शिरलेला मेकॅनिक आणि बिलाच्या धास्तीने शेजारी उभी गृहिणी. १९५०च्या दशकातल्या अमेरिकी इलेक्ट्रॉनिक्स मासिकांनी हा विनोद पार चोथा होईपर्यंत वापरला. जुन्या अंकांच्या आठवणीने गहिवरणारे हे सोयीस्करपणे विसरतात. त्या पानांवरची बरीचशी व्यंगचित्रं भरतीची होती, लेख संपून उरलेली जागा भरायला टाकलेली. बायको तर नवऱ्याच्या छंदावर वैतागण्यापुरतीच. सोल्डरिंग करणारी बाई शोधूनच काढावी लागते.

चांगली चित्रं निवडून घ्यावी लागतात. 'क्यूएसटी' हे हौशी रेडिओवाल्यांचं मासिक १९१५ सालचं. त्यात फिल गिल्डरस्लीव्ह 'गिल' या सहीने वर्षानुवर्षं चित्रं काढायचा. तो स्वतः परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला. एरियलसाठी जीव धोक्यात घालून उंचावर चढणाऱ्यांची तो टिंगल करतो, पण ती घरच्या माणसाने केलेली टिंगल आहे. 'रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाचे संपादक ह्यूगो गर्न्सबॅक यांनी वेगळाच खोडसाळपणा केला. एप्रिलच्या अंकात 'मोहम्मद युलिसिस फिप्स' हे नाव घेऊन ते अशक्य यंत्रांवर लेख लिहीत. खऱ्या लेखाची सगळी मांडणी, तोच गंभीर आव. म्हणून तर थाप पचायची.

या सगळ्यांत सरस चार्ल्स रॉड्रिग्ज. 'नॅशनल लॅम्पून' या विनोदी मासिकात काळाकुट्ट विनोद करणाऱ्या या माणसाने 'स्टिरिओ रिव्ह्यू'त हायफायच्या वेडाची यथेच्छ खिल्ली उडवली, तीही महागडी यंत्रसामग्री खपवणाऱ्या जाहिरातींच्या शेजारी बसून. 'टोटल हार्मोनिक डिस्टॉर्शन' हा त्या चित्रांचा संग्रह १९८८ साली आला. संग्रहात चित्रं आली. शेजारच्या जाहिराती मात्र मासिकातच राहिल्या आणि निम्मी खोच तिथेच होती.

आजच्या स्मरणरंजनाची अडचण हीच. स्कॅनमधून एकेक चित्र कापून फिरवलं जातं आणि मागे पिवळ्या कागदाचं कौतुक तेवढं उरतं. पण ही कला कागदाच्या वासावर जगत नव्हती. जुन्या रेडिओ-टीव्हीतला काचेचा व्हॉल्व्ह डोळ्यांना दिसायचा, तापायचा, जळायचा आणि वाचक तो स्वतः बदलायचा. आयसी, म्हणजे अख्खं सर्किट पोटात घेतलेल्या चिप्स, आल्या, दुरुस्ती म्हणजे अख्खा बोर्ड बदलणं झालं, तेव्हा चित्रकाराला दाखवायला आत काही उरलंच नाही. मासिकंही थकली. 'रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स' १९९२ साली 'इलेक्ट्रॉनिक्स नाऊ' झालं, २००० साली 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'सोबत 'पॉपट्रॉनिक्स'मध्ये मिसळलं आणि तेही थोड्याच वर्षांत बंद पडलं.

वारस शोधायचाच तर रँडल मन्रोचा 'एक्सकेसीडी' हा वेबकॉमिक पाहावा. नासासाठी रोबोंवर काम केलेल्या या चित्रकाराने एक अख्खं व्यंगचित्र सर्किट डायग्रॅमच्या रूपात काढलंय. त्यात एका स्विचपाशी सूचना आहे: भराभर उघडझाप करायला माणूस ठेवा. खरी सर्किटं वाचता येणाऱ्यालाच यात खरी मजा येते, आणि मन्रो बाकीच्यांसाठी खाली खुलासा देत बसत नाही.