मार मोजण्याचे माप

कवितेची समीक्षा करणारे आपण कायद्याच्या ग्रंथाला हात लावीत नाही. तो वकिलांचा प्रांत समजून सोडून देतो. पण दलिताच्या अंगावरचा मार शेवटी नोंदला जातो तो याच ग्रंथाच्या भाषेत. तेव्हा तिचीही चिकित्सा झाली पाहिजे.

मागच्या हंगामात माझ्या चुलत्यांना गावात लाथाबुक्क्यांनी मारले. घरात शिकलेला मीच, म्हणून पोलीस ठाण्याचा कागद माझ्या हाती आला. ‘साधी दुखापत, अदखलपात्र.’ चुलते तिसऱ्या दिवशी ऊस तोडायला गेले होते. अंमलदार म्हणाला, “कामावर गेला म्हणजे मार तो काय!” पुढे एक्स-रे काढला तेव्हा बरगडी मोडलेली निघाली.

अंमलदार मनचे बोलत नव्हता. १८६० च्या दंड संहितेने जबर दुखापतीचे आठ प्रकार सांगितले. डोळा वा कान जाणे, अवयव निकामी होणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे, हाड वा दात मोडणे हे त्यांतले काही. आठव्यात जिवाला धोका, किंवा वीस दिवस तीव्र वेदना वा नेहमीचे काम करता न येणे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने कलम ११६ मध्ये विसाचे पंधरा केले. साध्या दुखापतीला एक वर्षापर्यंत कैद, जबर दुखापतीला सात, प्राणघातक हत्याराने केलेल्या जबर दुखापतीला जन्मठेपेपर्यंत, अशी ही उतरंड. तळाच्या पायरीवर न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून पोलीस तपासही करीत नाहीत.

आता प्रश्न असा की, पंधरा दिवस अंथरुणावर पडून राहणे परवडते कुणाला? ज्याची कणगी भरलेली आहे त्याला. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते तो मोडक्या बरगडीने कोयता उचलतो, आणि त्याची भूकच त्याच्याविरुद्ध पुरावा होते.

१९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा हे माप बदलू पाहतो. २०१५ च्या दुरुस्तीने दलित असल्याचे माहीत असून केलेली साधी दुखापतही त्याच्या कक्षेत आली. शिक्षा मात्र मूळ संहितेचीच राहिली. उलट लोकांच्या देखत हेतुपुरस्सर केलेल्या अपमानाला कलम ३(१)(आर) खाली सहा महिने ते पाच वर्षे कैद आहे. थपडेपेक्षा अपमान जड, हे या कायद्याने मान्य केले. आपली आत्मकथने वेगळे काय सांगत आली? अंगावरचे वळ जातात, मारताना उच्चारलेली जात जात नाही.

पण फिर्यादीत तो शब्दच नसेल तर उरते फक्त थप्पड. चुलत्यांनी तो सांगितला होता. लिहिणाऱ्याने लिहिला नाही. त्यांनी न वाचता अंगठा दिला.

म्हणून कार्यकर्त्यांना सांगणे एवढेच. त्याच दिवशी वैद्यकीय तपासणी करून घ्या, एक्स-रेचा आग्रह धरा. शब्द, जागा, पाहणारे माणूस फिर्यादीत आणा. तोंडी फिर्याद लिहून घेतल्यावर सहीपूर्वी वाचून दाखवणे हे याच कायद्याच्या कलम ४ ने घातलेले कर्तव्य आहे. आरोपी घरच्यांना ओळखणारा असेल, तर त्याला जात ठाऊक होती असे कलम ८ प्रमाणे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे त्याने सिद्ध करायचे.

आपण लिहायला शिकलो ते कशासाठी? निदान आपल्या माणसाची फिर्याद तरी दुसऱ्याच्या भाषेत जाऊ नये.