शेजाराचा हिशेब

परमुलखातील खेड्यात घर घ्यावे आणि तेथील माणसांशी स्नेह जोडावा, ही इच्छा अनेकांच्या मनात सुप्तपणे वसत असते. ती जगभर जागविणारे पुस्तक म्हणजे पीटर मेल या इंग्रज लेखकाचे ‘अ इयर इन प्रोव्हान्स’ (१९८९). जाहिरातीच्या व्यवसायातून बाहेर पडलेले मेल पत्नीसह दक्षिण फ्रान्समधील मेनेर्ब गावाजवळच्या एका जुन्या दगडी शेतघरात राहावयास गेले. जानेवारी ते डिसेंबर अशा बारा प्रकरणांत त्यांनी त्या वर्षाची हकिकत सांगितली आहे.

पुस्तक रंजक आहे, यात शंका नाही. मिस्त्राल नावाचा बोचरा वारा, काम अर्धवट टाकून नाहीसे होणारे कारागीर, भोजनाची भक्तिभावाने केलेली वर्णने हे सारे वाचताना वेळ कसा जातो ते कळत नाही. लेखक स्वतःलाही हसतो. शिवाय हे दांपत्य केवळ उन्हाळ्यापुरते घर उघडणारे नव्हे. तेथील थंडीही त्यांनी सोसली. याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

आम्ही अडखळलो ते फोस्तँ या शेजाऱ्यापाशी. मेल यांची द्राक्षबाग तो कसतो. नव्या वेली आणि खत यांचा खर्च मालकाचा, कष्ट फोस्तँचे. उत्पन्नाचे दोन वाटे त्याला, एक मालकाला. आपल्याकडे यालाच बटई म्हणतात. लेखक हा व्यवहार प्रामाणिकपणे सांगतो. परंतु फोस्तँच्या नजरेला मालक कसा दिसत असेल, हा प्रश्न त्याला पडत नाही. शेजारी येतात, हसवतात आणि जातात.

हा प्रश्न आम्हांस पडला त्याला कारण आहे. हिंगोली जिल्ह्यातील कुरुंदा येथे आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांचे वडिलोपार्जित घर व हळदीचे शेत आहे. ते स्वतः अनेक वर्षे कॅनडात असतात. म्हणजे कुरुंद्याचे घर हेच आता त्यांचे परदेशातील दुसरे घर. घराची किल्ली शेजाऱ्याकडे, शेतही त्याच्याकडेच बटईने. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीने गावात पाणी शिरले, तेव्हा या शेजाऱ्याने बंद घराचे कुलूप काढून आतले सामान उंचावर रचले आणि मगच तो स्वतःच्या घराकडे वळला. पुढे पीकनुकसानीची शासकीय मदत आली, ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या मालकाच्या खात्यात. कष्ट करणाऱ्याचे नाव त्या कागदावर कुठेच नव्हते. मालकाने कोणी न मागता ती सर्व रक्कम शेजाऱ्याला दिली. मालक आणि कसणारा यांच्या नात्याची अशी कसोटी मेल यांच्या पुस्तकात आम्हांला आढळली नाही.

दुसरा आक्षेप भाषेचा. इंग्लंडहून १५७९ साली गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी साष्टीच्या खेड्यापाड्यांतील माणसांसाठी ‘क्रिस्तपुराण’ रचले, ते १६१६ साली छापले गेले. तो धर्मकार्याचा ग्रंथ, हे प्रवासवर्णन. तुलना मर्यादेतच करावी. तथापि एक इंग्रज शेजाऱ्यांना वाचता यावे म्हणून त्यांच्या भाषेत लिहितो, तर दुसरा शेजाऱ्यांविषयी दूरच्या वाचकांसाठी लिहितो, हा भेद लहान नाही. त्याचा परिणामही मेल यांना भोगावा लागला. पुस्तक गाजले, पर्यटक दारापर्यंत येऊ लागले आणि अखेर त्यांनी ते घर सोडले. पुढे ते प्रोव्हान्सला परतले, पण दुसऱ्या गावी. २०१८ साली त्यांचे निधन झाले.

आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुले आज परदेशी आहेत आणि गावाकडची घरे कुलूपबंद आहेत. त्यांनी हे पुस्तक अवश्य वाचावे, मनमुराद हसावे. मात्र मिटताना स्वतःला एवढे विचारावे: आपली किल्ली ज्याच्याकडे आहे, त्याच्या अडचणीच्या दिवशी त्याला आपले दार ठोठावता येईल काय? प्रभूने शेजारी कोण हे सांगताना घराची हद्द मोजली नव्हती. जखमी माणसापाशी कोण थांबला, एवढेच पाहिले होते.