‘उपयुक्त ग्रंथ’ म्हणजे नेमका कशाला उपयुक्त?

सटीप संदर्भसूची, म्हणजे आपण जिला सर्रास ॲनोटेटेड बिब्लिओग्राफी म्हणतो, ती करताना बहुतेकांची एकच चूक होते. माझीही झाली. नोंदीखाली पुस्तकाचा सारांश लिहायचा आणि शेवटी ‘अभ्यासकांना उपयुक्त’ अशी शेपटी जोडायची. माझी पहिली यादी पाहून मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, “यातलं कुठलं काढलं तर तुझं काम अडेल?” मला सांगता आलं नाही.

उदाहरण आपल्या कन्हानचंच घेऊ. समजा, विषय आहे नदीचं प्रदूषण. आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेलं १९०८ चं नागपूर जिल्हा गॅझेटियर यादीत येणारच. त्याखाली नेहमीची टीप अशी असते : ‘जिल्ह्याची सविस्तर माहिती देणारा महत्त्वाचा ग्रंथ.’ ही टीप कुठल्याही जिल्ह्याच्या गॅझेटियरला चालेल, म्हणून ती निरुपयोगी आहे.

आता ही पाहा : ‘ब्रिटिश प्रशासनासाठी लिहिलेलं सरकारी वर्णन. नदीची आधीची स्थिती आणि काठची शेती समजून घेण्यासाठी वापरणार, प्रदूषणाचा पुरावा म्हणून नाही. काठावरच्या माणसांचा आवाज यात नाही, त्यासाठी मुलाखती घ्याव्या लागतील.’ टीप तीन-चार ओळींचीच, पण पुढचं काम काय ते तिनेच सांगितलं.

यावर कोणी म्हणेल, मग १९६६ चं सुधारित गॅझेटियर घेऊ, ते नवं आहे. पण कोराडीचं औष्णिक वीज केंद्र सुरू झालं १९७४ मध्ये. राखेच्या प्रश्नावर हे ‘नवं’ पुस्तकही गप्पच राहणार. प्रकाशनवर्ष नुसतं नोंदवायचं नसतं, ते आपल्या प्रश्नाशेजारी ठेवून पाहायचं असतं.

शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ १८०० पासूनची मराठी पुस्तकं शोधायला मोठा आधार आहे. पण पुस्तक आहे हे सूची सांगते. ते आपल्या प्रश्नाला किती पुरतं, हे आपणच वाचून ठरवायचं.

म्हणून टीप वाचलं त्याच दिवशी लिहा, पान क्रमांकासह. लेखक काय म्हणतो, कशाच्या आधारे म्हणतो, कुठे कमी पडतो आणि मी ते कुठे वापरणार, एवढं आलं की पुरे. मग मार्गदर्शकांचा तो प्रश्न प्रत्येक नोंदीला विचारा. ज्या नोंदीवाचून काहीच अडत नाही, ती खुशाल काढून टाका.