हिरवळ म्हणजे पर्यावरण नव्हे

महाविद्यालयात पर्यावरण दोन दारांनी येते. एक दार सर्व शाखांना सक्तीच्या असलेल्या विषयाचे. विज्ञान शाखेत पुढे त्याचेच पर्यावरण व्यवस्थापन होते. दुसरे दार वास्तुकलेच्या पाच वर्षांच्या पदवीतले. तेथे लँडस्केप डिझाइन, म्हणजे भूदृश्यरचना, शिकवतात. पहिल्या वर्गातले विद्यार्थी पाणी, माती, हवा तपासतात. पण जमिनीचा आराखडा काढायची वेळ त्यांच्यावर क्वचितच येते. दुसऱ्या वर्गात आराखडे उत्तम निघतात. पण झाड हे बहुधा सावली, रंग आणि उंची यांपुरतेच उरते. या फारकतीची किंमत सातारा आणि सांगली जिल्ह्यांत स्पष्ट दिसते.

आधी सक्तीच्या विषयाकडे पाहू. १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याबाबत निर्देश दिले. त्यानंतर सुमारे बारा वर्षांनी विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. एकूण ५० तास, आठ घटक. त्यांपैकी शेवटचा घटक क्षेत्रकार्याचा: जवळची नदी, टेकडी, गवताळ रान पाहून नोंदी करणे. त्याला तास ५, गुण मात्र १०० पैकी २५. कल्पना चांगली होती. परंतु जे शेवटी ठेवले जाते ते परीक्षेच्या घाईत उरकले जाते, हे शिक्षकांना सांगायला नको. २०२३ मध्ये आयोगाने नवी चौकट दिली; तीतही क्षेत्रभेटींना जागा आहे. पण प्रश्न केवळ तासांचा नाही. बाहेर नेऊन विद्यार्थ्याला काय विचारायचे, हा आहे.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथून पूर्वेला सुमारे शंभर किलोमीटरवर माण तालुक्यात तो जेमतेम पाचशेवर येतो. सांगली जिल्ह्यातल्या जतचीही तीच गत. अशा दोन टोकांच्या गावांत एकच धडा, एकच आकृती आणि बागेचा एकच नमुना चालतो. एक चौरस मीटर हिरवळीतून उन्हाळ्यात दिवसाला सुमारे ५ लिटर पाणी उडून जाते असे धरले, तर १००० चौरस मीटर हिरवळीला रोज ५००० लिटर पाणी लागेल. टँकरच्या गावात अशा हिरवळीला आपण 'पर्यावरणपूरक परिसर' म्हणावे काय?

आता कासचे पठार घ्या. पश्चिम घाटातील ३९ स्थळांना २०१२ साली जागतिक वारसा मिळाला, त्यांत कास आहे. येथे जांभ्या खडकावर मातीचा थर पातळ, काही ठिकाणी तर नाहीच. पावसाळ्यात पाणी साचते, नंतर सारे करपते. झाडे उभी राहू शकत नाहीत, म्हणूनच बुटक्या रानफुलांना ऊन मिळते. मातीत नायट्रोजन कमी, म्हणून दवबिंदूसारख्या कीटकभक्षी वनस्पती तेथे टिकतात. बागेच्या हिशेबाने ही जमीन 'निकृष्ट', आणि नेमकी तीच तिची श्रीमंती! पर्यटकांची गर्दी वाढल्यावर पठारावर जाळीचे कुंपण घातले गेले. त्याने माणसे अडली, तशी गुरेही अडली. चराई थांबली की उंच गवत आणि झुडपे माजतात व लहान फुलझाडांचा प्रकाश हिरावतात, असा आक्षेप पुढे आला. कुंपण कुठे घालावे हा रचनेचा प्रश्न. घातल्यावर काय होईल हा परिसंस्थेचा. दोन्ही प्रश्न एकाच माणसाला पडावेत असे शिक्षण आपण देत नाही, अशी आमची तक्रार आहे.

कृष्णेच्या काठी सांगलीत हीच गोष्ट अधिक गंभीर होते. २००५, २०१९ आणि २०२१ साली शहरात पूर शिरला. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेले. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. नदीकाठच्या नकाशावर निळी आणि लाल पूररेषा असते. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 'शंभर वर्षांतून एकदा' म्हणजे एकदा येऊन गेला की शंभर वर्षे निश्चिंत, असा पुष्कळांचा समज असतो. खरा अर्थ असा, की दर वर्षी त्याची शक्यता १ टक्का असते. घराच्या कर्जाची मुदत ३० वर्षे धरा. तेवढ्या काळात लाल रेषेपर्यंत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, आणि निळ्या रेषेपर्यंत ७० टक्के. अकरावीच्या गणिताने हे सुटते. पण ते आराखड्याच्या कागदाशेजारी बसून सोडवले, तरच उद्याचा वास्तुविशारद निळ्या रेषेच्या आत घर काढताना थबकेल, आणि तेथे मैदान, गवताळ पट्टा किंवा नदीकाठची देशी झाडे सुचवेल.

यासाठी नव्या विभागाची वा मोठ्या निधीची वाट पाहायला नको. क्षेत्रकार्य पहिल्याच आठवड्यात घ्यावे आणि ते आपल्याच आवारात घ्यावे. पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि दोन मोजपट्ट्या यांवर आवाराचा उतार मोजता येतो. एक हेक्टर आवारावर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५ लाख लिटर पाणी. काँक्रीटवरून त्यातले बहुतेक वाहून जाते. मोकळ्या, झाडोऱ्याच्या जमिनीत बरेचसे मुरते. वाणिज्यचे विद्यार्थी टँकरचा खर्च काढतील, कला शाखेचे गावातल्या जुन्या माणसांकडून पुराच्या खुणा विचारून घेतील, वनस्पतिशास्त्राचे झाडांची नोंद करतील. शेवटी सर्वांनी मिळून एकच नकाशा काढावा.

परीक्षेतल्या त्या २५ गुणांसाठी मग एकच प्रश्न पुरे: आपल्या आवारात पडलेले पाणी कोठे जाते, आणि ते तेथे जाऊ नये असे वाटत असेल तर तुम्ही कोठे काय बदलाल?